अर्धविरामाची जागा

३ फेब्रुवारी

छोटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नसशील, असं धरून लिहितेय. पत्र कामाचं आहे. दुसरं काही नाही.

मार्चअखेर मी निवृत्त होतेय. छत्तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता पुरे. पण मालकांनी जाता जाता एक काम गळ्यात मारलंय. मुद्रितं तपासायला दोन नव्या मुली घेतल्यात, त्यांच्यासाठी विरामचिन्हांची छोटी पुस्तिका लिहून द्यायची. "तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर उतरवा बाई, नाहीतर तुमच्याबरोबर घरी जाईल," असं म्हणाले. मी हो म्हणून बसले. पूर्णविराम एका सकाळीत उरकला. स्वल्पविरामाला दोन दिवस लागले. अर्धविरामाशी आज आठवा दिवस आहे आणि पान कोरं आहे.

नियम साधा आहे. बाबांनी आपल्या दोघींना एकाच दिवशी शिकवला होता, छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या पेटीसमोर उभं करून. तुझा हात पेटीपर्यंत पोचत नव्हता म्हणून तुला स्टूल दिलं होतं. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना पुरं वाक्य हवं, एकेकटं उभं राहू शकेल असं. आणि तरी दोघांचं एकमेकांशी काहीतरी देणंघेणं हवं. एवढं मी लिहिते, मग उदाहरण द्यायला जाते आणि अडते. जे उदाहरण सुचतं ते नको असतं.

तू रोज संगणकावर अक्षरं जुळवतेस, म्हणून विचारते. अर्धविरामाच्या आधी जागा सोडायची की नाही? आमच्याकडे दोन मतं आहेत.

उत्तर कामापुरतं दिलंस तरी चालेल.

ताई

ता. क. बाबांच्या आजारपणातली ती वही सापडली. शोधत नव्हते.


१० फेब्रुवारी

छोटे,

तुझं कार्ड मिळालं. "आधी सोडत नाहीत. नंतर एक सोडतात." खाली नाव नाही, वर मायना नाही. चार वर्षांनी तुझ्याकडून आलेली ही दोन वाक्यं मी कितीदा वाचली ते सांगत नाही. दोन्ही वाक्यं अगदी बरोबर आहेत.

मागच्या पत्रात मी उदाहरणाचं म्हटलं होतं. डोक्यात जे येतंय ते वहीतलंच आहे. तू ते पाहिलं आहेस. ते कसं आलं, ते मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. विचारायला तू थांबली नाहीस, असं म्हणायला हवं.

बाबांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की ते जे काही बोलतील ते लिहून ठेवा. बोलणं सुधारतंय की बिघडतंय ते त्यावरून कळेल. म्हणून ती वही केली. त्यात सगळं आहे. "पाणी." "पंखा." "फर्मा यंत्रावर चढवला का." "मोठी कुठाय", हे मी समोर उभी असताना. शब्द एकेक करून यायचे आणि मध्ये एवढी फट पडायची की पुढचा येणार आहे असं वाटायचंच नाही.

नववा दिवस होता. सकाळचे साडेदहा. दिवसा सोबतीला ठेवलेल्या मावशी त्यांचं अंग पुसत होत्या, मी खिडकीपाशी वही घेऊन बसले होते. ते म्हणाले, "धाकटीला." मग काही नाही. मग म्हणाले, "बोलवायचं नाही." मावशींनी त्यांना कुशीवर वळवलं. मग म्हणाले, "हे." आणि मग, "राहू दे."

वहीत तू वाचलंस ते असं: "धाकटीला बोलवायचं नाही; हे राहू दे."

नियमाला धरून आहे. डावीकडे पुरं वाक्य, उजवीकडे पुरं वाक्य. अर्थ असा की बोलवायचं नाही, आणि हे तसंच राहू दे. आता चिन्ह काढून वाच. "धाकटीला बोलवायचं नाही हे राहू दे." म्हणजे ते बोलवायचं नाही वगैरे आता सोड, पुरे झालं.

"बोलवायचं नाही" हे त्यांचे जुनेच शब्द. खिळ्यांचा विभाग बंद झाला, खिळे जुळवणारे अकरा जुळारी घरी बसले, आणि त्यांच्या जागी आणलेल्या पहिल्या संगणकावर त्यांच्यातल्याच एकाची धाकटी मुलगी जाऊन बसली. त्या संध्याकाळी ते म्हणाले होते, तिला या घरात बोलवायचं नाही. तू गाव सोडलंस. सतरा वर्षांत त्यांनी ते शब्द परत काढले नाहीत आणि मागेही घेतले नाहीत.

राहू दे याचं काय करायचं, तेही मला कळत नाही. आपल्या कामात समासात "राहू द्या" लिहिलं की मजकूर आहे तसा ठेवायचा, हात लावायचा नाही. मी छत्तीस वर्षं तोच अर्थ वाचतेय. पण घरात कुणी दिवा लावायला उठलं तर बाबा "राहू दे" म्हणायचे, म्हणजे नको, सोड. ते छापखान्यातलं बोलत होते की घरातलं?

तुला काय वाटतं ते कळव. उदाहरण म्हणून घ्यायचं की नाही एवढ्यापुरतंच विचारतेय.

ताई


२२ फेब्रुवारी

छोटे,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

काल मावशींना भेटून आले. त्या आता एका वृद्धाश्रमात दिवसपाळी करतात. बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसल्या माझ्यापाशी. हातात घडी घालायचे टॉवेल होते, बोलताना घड्या चालूच.

मी म्हटलं, "मावशी, बाबा एकदा माझ्या बहिणीबद्दल बोलले होते. तुम्ही तेव्हा तिथेच होता. आठवतं?"

"आठवतं की. तिला बोलवा म्हणाले."

"तसं नाही म्हणाले. शब्द वेगळे होते." आणि मी त्यांना म्हणून दाखवलं. जसं ऐकलं तसं, मध्ये थांबत थांबत. समोरून जाणारे एक आजोबा माझ्याकडे बघत उभे राहिले.

"हां, तेच," मावशी म्हणाल्या. "बोलवायचं नाही हे राहू दे. म्हणजे बोलवा."

"पण 'नाही'च्या पुढे ते थांबले होते ना?"

"थांबले, कारण मी त्यांना वळवत होते. पाठ सोलवटली होती त्यांची. कुशीवर होताना माणूस बोलणार कसा?"

त्यांनी एक टॉवेल झटकला.

"त्याच दिवशी मी आतली दुसरी खुर्ची आणून पलंगाशी ठेवली होती. तुम्ही म्हणालात, मावशी, ही अडगळ कशाला? मला वाटलं होतं बहीण येणार. मग संध्याकाळी परत आत नेली."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही लिहून घेत होतात," त्या म्हणाल्या. "लिहिणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?"

परत येताना मी चुकीच्या बसमध्ये चढले. दोन थांबे गेल्यावर कळलं.

मावशींचं किती मनावर घ्यायचं? सगळ्या माणसांनी सगळ्या माणसांना भेटावं असंच त्यांना वाटत असतं. त्या जे ऐकतात ते तसंच ऐकणार. आणि मी मुद्रितं तपासणारी, मी जे ऐकते ते मीही तसंच ऐकणार. ते वाक्य ऐकलेली तिसरी कुणी व्यक्ती नाही. ज्यांनी म्हटलं ते नाहीत.

मालकांनी आज विचारलं, "बाई, अर्धविराम अजून अर्धाच का?" मुली हसल्या. मीही हसले.

ताई


२७ फेब्रुवारी

छोटे,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलंय. आता जे येईल ते तसंच पाठवते.

त्या वाक्यात अर्धविराम नव्हता.

मी ऐकलं तेव्हा नुसते शब्द उतरवून घेतले होते. एकापुढे एक. त्या वहीत कुठेच चिन्हं नाहीत. आजारी माणसाच्या "पाणी"पुढे कोण पूर्णविराम देत बसतं? बाबा गुरुवारी गेले. तुला मी कळवलं नाही, आपल्या बांधणी विभागातल्या काकांनी शुक्रवारी तुला फोन केला. मग तू मला केलास. "मी निघालेय. उद्या पोचते. ताई, मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "ये, मग बोलू." फोन ठेवला आणि वही काढली. नवव्या दिवसाचं पान काढलं. ते वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं, हे तुला खोटं वाटेल. तोपर्यंत मी ते लिहिलं होतं, वाचलं नव्हतं.

मग चिन्ह दिलं.

का, हे मला खरंच नक्की सांगता येत नाही. दोन उत्तरं आहेत. वाक्य उघडं दिसलं की माझा हात आपोआप जातो. दुकानाच्या पाटीवरची चूकसुद्धा मी मनात दुरुस्त केल्याशिवाय पुढे जात नाही, तुला माहीत आहे. हे एक. आणि तू दारात उभी राहून मला विचारणार होतीस, तेव्हा हातात द्यायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं. हे दुसरं. एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. गेले कित्येक दिवस मी यातलं एक खोडायला बसते आणि दोन्ही ठेवून उठते.

तू आलीस. अजून चपलाही काढल्या नव्हत्यास. "बाबांनी माझी आठवण काढली नाही का?" असं विचारलंस. मी वही पुढे केली. तू ती खिडकीपाशी उजेडात नेलीस, बराच वेळ बघत राहिलीस, मग मिटून टेबलावर ठेवलीस. "बरं," म्हणालीस. दुपारच्या गाडीने परत गेलीस, पाणीसुद्धा न पिता. मला वाटलं, बाबांचं वाक्य तुला लागलं. चार वर्षं मी तसंच समजत आले. तसं समजणं सोपं होतं.

नियमाने मी दिलेलं चिन्ह बरोबर आहे. उद्या कुणीही तपासलं तरी त्यावर लाल खूण करणार नाही. म्हणूनच मला कळेनासं झालंय की इतकी वर्षं मी नेमकं काय तपासत होते.

ताई


८ मार्च

छोटे,

तुझं पत्र काल आलं. ते समोर ठेवूनच लिहितेय. तू म्हणतेस:

"मला ते त्याच दिवशी दिसलं होतं. तू शब्दांमध्ये जागा सोडली नव्हतीस, चिन्ह मध्ये कोंबलेलं होतं. वाक्य बोथट पेन्सिलीचं आणि चिन्ह टोक काढलेल्या पेन्सिलीचं. मी दिवसभर हेच बघते, ताई. मला बाबांचा राग आला नव्हता. तू कधीतरी सांगशील म्हणून मी थांबले होते. एवढं थांबावं लागेल असं वाटलं नव्हतं. बाबांना काय म्हणायचं होतं ते मला विचारू नकोस. ते आता कुणाला ठरवता यायचं नाही. तू मला वेगळंच सांग. ते वाक्य बाजूला ठेव. बारा दिवस होते. त्यांनी म्हटलेलं असो नसो, तू मला का नाही बोलावलंस?"

तू थांबली होतीस हे वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे काय करायचं होतं ते आठवेना, मग परत आले.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते वहीत नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "छोटे." मी म्हणणार होते, मी मोठी आहे बाबा. पण ते हसले होते. तोंडाची एकच बाजू हलत होती, तरी हसले. ते माझ्याकडे बघून शेवटचे असे कधी हसले होते, ते मला आठवेना. मी म्हटलं, "हो बाबा."

त्यानंतर कधी मी मोठी असायचे, कधी तू. मोठी असले की ते पाणी मागायचे, पंखा लाव म्हणायचे. तू असलीस की बोलायचे. शब्द जास्त यायचे, सलग यायचे. डॉक्टरांना हवं होतं तसं. मी समोर असताना "मोठी कुठाय" म्हणाले, ते तुला विचारत होते. मी म्हटलं, "कामावर गेलीय." ते म्हणाले, "तिला काम फार."

सतरा वर्षं त्यांच्याबरोबर त्या घरात मी राहिले. औषधं मी आणली, चष्मे मी बदलून आणले, त्यांचे गप्प दिवस मी काढले. आणि त्या खोलीत मी सुखात होते ती तुझ्या नावाने. तू आली असतीस तर पहिल्या मिनिटाला त्यांना कळलं असतं की कोण कोण आहे. म्हणून बोलावलं नाही. एवढंच आहे. पुरं वाक्य आहे हे, याला दुसरी बाजू नाही.

आणखी एक. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. सातव्या दिवशी, दुपारी, मावशी जेवायला गेल्या होत्या. बाबा म्हणाले, "छोटे, तुझं ते यंत्र चालतं का?"

मी म्हटलं, "चालतं, बाबा."

"ओळी सरळ येतात?"

"येतात."

"शेवटाला? शब्द तुटत नाहीत?"

"कधी कधी तुटतात. मग मी हाताने नीट करते." हे मी मनाचं सांगितलं. तू तसं करतेस की नाही ते मला माहीत नाही.

बराच वेळ त्यांनी डोळे मिटून ठेवले. मग म्हणाले, "मग ठीक आहे. हाताने केलं की ठीक."

हे मी लिहून ठेवलं नाही. पेन्सिल हातात होती. माझ्यासाठी नव्हतं म्हणून नाही लिहिलं, की तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून नाही लिहिलं, इथेही मला नक्की सांगता येत नाही. तुझं होतं आणि मी घेतलं, हे मात्र नक्की सांगते.

ताई


१९ मार्च

छोटे,

अर्धविरामाचं पान लिहून दिलं. सहा ओळी झाल्या. उदाहरण घातलं ते असं: "मी दुकानात गेले; दुकान बंद होतं." मालक म्हणाले, "एवढंच?" म्हटलं, एवढंच. खाली एक ओळ मी आपल्या मनाने जोडली आहे, ती कुठल्या व्याकरणात नाही. बोललेलं उतरवून घेताना चिन्हाची खात्री नसेल तर चिन्ह देऊ नये, बोलणाऱ्याला विचारावं. मालकांनी ती ठेवली आहे.

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. "रविवारी घरी आहे. यायचं तर ये."

आता हे कसं वाचायचं? यायचं तर ये, म्हणजे ये? की नाही आलीस तरी माझं काही अडत नाही? रविवारी घरी आहे, म्हणजे तुझी वाट बघतेय, की रविवारी माणूस घरी असतोच, तसं? दोन दिवस ते कार्ड टेबलावर होतं. येता जाता उचलून बघत होते. काल दोन नव्या मुलींपैकी एकीला दाखवलं. म्हटलं, पाहुण्याला कुणी असं लिहिलं तर काय समजायचं, सांग. तिने वाचलं, उलटून मागे बघितलं, परत वाचलं. म्हणाली, "बाई, यात 'ये' लिहिलंय."

म्हणून दुपारी अर्धी सुट्टी टाकून तिकीट काढून आले. खिडकीवरच्या माणसाने परतीचं विचारलं. मी म्हटलं, ते नंतर बघू.

तुझ्या नावाने ते आणखीही बोलले होते. रोज थोडं थोडं, नऊ दिवस. त्यातलं काही मला नीट आठवतं, काही अर्धवट, काही मी ऐकलं की आता मनाने रचतेय, तेही सांगता येत नाही. ते सगळं लिहून पाठवणार होते. कागद घेऊन बसलेही. पण लिहायला गेले की मी थांबे ठरवणार, कुठे तोडायचं आणि कुठे जोडायचं ते मीच ठरवणार. ते आता नको. तुला तोंडानेच सांगते. मध्ये जिथे विचारावंसं वाटेल तिथे तू विचार. मला माहीत नसेल तर नाही म्हणेन.

माझ्यावर चिडायचं असेल तर आधी चीड, मग ऐक. किंवा आधी ऐक. यातला क्रम मला ठरवता येत नाही, तो तुझ्यावर सोडते.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतेय, साडेअकरापर्यंत तुझ्या दाराशी असेन. पत्ता तुझ्या कार्डाच्या मागे आहे तोच धरते. बेल एकदाच वाजवेन. दार लगेच नाही उघडलंस तरी चालेल. मी पायरीवर बसेन.

ताई